हिंसेचा धर्म कोणता?

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस गेल्या काही दशकांत ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एव्हरशाईन सिटी ही एक मोठी वसाहत होय. मुंबईत घर घेणे न परवडणारा नोकरदार, लहान दुकानदार, कारखान्यातील तंत्रज्ञ येथे कर्ज काढून सदनिका घेतो आणि भल्या सकाळी लोकलची वाट धरतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. आज ती कितीतरी वाढली आहे, हे सांगावयास नको. जुन्या वसईत आळी, वाडी आणि पाखाडी यांनी माणसाची जात व धर्म ठरवून दिलेला असे. नव्या वसाहतीत एकाच जिन्यावर हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती यांची दारे समोरासमोर येतात, निदान येऊ शकतात. त्यामुळे परधर्मीयाविषयीचे आपले मत येथे केवळ गप्पांचा विषय राहत नाही. शेजारी कोण असावा, हे त्या मतावर ठरते.

अशा वसाहतींतून आणि लोकलच्या डब्यांतून एक तुलना वारंवार ऐकू येते. ख्रिस्ती धर्म प्रेमाचा आणि सेवेचा. शाळा आणि दवाखाने काढणारा. इस्लाम मात्र तलवारीचा. ही तुलना करणारा बहुधा या दोहोंपैकी कोणत्याही धर्माचा नसतो. तो स्वतःला न्यायाधीशाच्या आसनावर बसवितो आणि निकाल देऊन मोकळा होतो. डाव्या वर्तुळांत याच तुलनेची उलटी आवृत्ती प्रचलित आहे. धर्मयुद्धे ख्रिस्त्यांनी केली, साम्राज्ये ख्रिस्त्यांनी उभारली, दोन महायुद्धे ख्रिस्ती राष्ट्रांनी पेटविली. सबब हिंसेचा खरा धर्म तोच आणि इस्लाम केवळ बळी. दोन्ही निकाल एकाच चुकीवर उभे आहेत. धर्म ही स्वतःच्या बुद्धीने हात उचलणारी एखादी व्यक्ती आहे, असे दोन्हींमध्ये गृहीत धरलेले असते.

या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागते? २०१६ साली वसईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी एका मुस्लिम कुटुंबास सदनिका विकली जाऊ नये म्हणून ठराव केला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले आणि सभासदांवर गुन्हा नोंदविला गेला. हा ठराव करणारे लोक गुंड नव्हते. ते सामान्य मध्यमवर्गीय गृहस्थ होते. एका धर्माचा माणूस जन्मतःच हिंसक असतो, हे मत त्यांनी कोणत्याही ग्रंथाचा अभ्यास करून बनविलेले नव्हते; ते त्यांना हवेतून मिळाले होते. म्हणून या मताची तपासणी करणे हे केवळ पंडितांचे काम नाही. ते समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

ही तपासणी करण्यासाठी जेरुसलेम वा बगदादपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. उत्तर कोकणची किनारपट्टी पुरेशी आहे. हे दोन्ही धर्म या किनाऱ्यावर हजार वर्षांहून अधिक काळ वावरले आहेत. कधी व्यापाऱ्याच्या वेषात, कधी अधिकाऱ्याच्या, कधी भिक्षूच्या, तर कधी सैनिकाच्या.

इसवी सन ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला. तेथे राष्ट्रकूटांच्या राज्यात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे त्याने नमूद केले आहे. त्यांच्या आपसांतील व्यवहारांचा निवाडा त्यांच्यातीलच एक प्रमुख राजाच्या संमतीने करी. ही वस्ती व्यापाराची होती. तलवार घेऊन कोणी आलेले नव्हते. यापुढची साक्ष तर आजच्या पालघर जिल्ह्यातीलच आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक इसवी सन ९२६ चा आहे. संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांनी तेव्हा एका अरब अधिकाऱ्याकडे सोपविला होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती, म्हणजे मुहम्मद, असे आले असून त्यास सुगतिप असेही म्हटले आहे. या मुसलमान अधिकाऱ्याच्या संमतीने देवीच्या मठास जमीन दान दिली गेली. त्याने नदीवर मोफत नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातले, असा त्यात उल्लेख आहे. मूर्तिपूजेस निषिद्ध मानणाऱ्या धर्माचा हा अनुयायी देवीच्या मठाच्या दानास संमती देतो. त्याने आपला धर्म सोडला होता, असे कोठेही म्हटलेले नाही.

यानंतर चार शतकांनी, एप्रिल १३२१ मध्ये, त्याच किनाऱ्यावर ठाण्यास वेगळाच प्रसंग घडला. तोलेन्तिनोचा थॉमस व त्याचे तीन सोबती हे फ्रान्सिस्कन भिक्षू चीनकडे जाण्यास निघाले असता ठाण्यास उतरले आणि एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात राहिले. त्या घरातील पतिपत्नीच्या भांडणाची तक्रार काझीपर्यंत गेली आणि साक्षीसाठी भिक्षूंना बोलाविण्यात आले. तेथे साक्ष बाजूला राहून धर्मचर्चा सुरू झाली. पैगंबरांविषयी त्यांचे मत विचारले गेले, थॉमसने ते स्पष्ट शब्दांत सांगितले आणि चौघांना प्राणास मुकावे लागले. त्यांचा सहकारी जॉर्डानस हा त्या वेळी बाहेरगावी असल्यामुळे वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. एव्हरशाईन सिटीपासून जुने सोपारे हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ आहे.

हा वृत्तान्त ओदोरिक या दुसऱ्या भिक्षूने सविस्तर लिहून ठेवला आहे. केवळ "मुसलमानांनी ख्रिस्त्यांना मारले" एवढेच सांगणारे लोक त्यातील दोन गोष्टी गाळतात. पहिली अशी की, ठाण्याच्या मलिकाने प्रथम या भिक्षूंना सोडून दिले होते. काझीच्या आग्रहापुढे तो नमला आणि रात्री मारेकरी पाठविले गेले. दुसरी अशी की, हे कळल्यावर दिल्लीच्या सुलतानाने त्या मलिकासच देहदंड दिला, असे ओदोरिक सांगतो. मारणारा मुसलमान, सोडून देणारा मुसलमान, कच खाणारा मुसलमान आणि मारणाऱ्यास शिक्षा करणाराही मुसलमान. या चौघांचे आचरण एकाच ग्रंथातून कसे काढावयाचे?

९२६ आणि १३२१ या दोन सालांमध्ये कुराणातील अक्षरही बदललेले नव्हते. सत्तेची घडी मात्र बदलली होती. संजाणचा अरब अधिकारी हिंदू राजाचा सेवक होता आणि त्याचा प्रांत व्यापारावर जगत होता. देशोदेशीच्या व्यापाऱ्यांनी बंदरात यावे, यातच त्याचे हित होते. सहिष्णुता हा त्याचा धर्म असेल वा नसेल, ती त्याची गरज निश्चित होती. १३२१ चे ठाणे हे नव्याने जिंकलेले ठाणे होते. यादवांची सत्ता नुकतीच नष्ट झाली होती, दिल्लीचा अंमल अद्याप रुजावयाचा होता आणि नव्या अंमलात अधिकार कोणाचा मोठा, मलिकाचा की काझीचा, ही ओढाताण चालू होती. अशा ओढाताणीत परक्या, निराधार भिक्षूंचा बळी देऊन आपले वजन सिद्ध करणे सोपे असते. नव्या, असुरक्षित सत्तेची ही रीत सर्व धर्मांच्या राज्यकर्त्यांनी पाळलेली आहे.

आता ख्रिस्ती धर्माकडे वळू. सोपाऱ्यास आपल्या सोबत्यांना मूठमाती देणारा जॉर्डानस हाही ख्रिस्ती होता आणि दोनशे वर्षांनी या किनाऱ्यावर उतरलेले पोर्तुगीजही ख्रिस्तीच होते. जॉर्डानसजवळ ना गलबत होते ना तोफ. होते ते केवळ शब्द. आल्बुकर्कजवळ आरमार होते. नोव्हेंबर १५१० मध्ये त्याने गोवा घेतले तेव्हा शहरातील मुसलमानांची कत्तल करण्यात आली आणि या कृत्याचा वृत्तान्त त्याने स्वतःच आपल्या राजास अभिमानाने कळविला. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे समुद्रावर त्यांच्या परवान्यावाचून व्यापार करणारे गलबत लुटले जाऊ लागले आणि जमिनीवर वसई प्रांतातील गावे सरदारांना व धर्मसंघांना वाटून दिली गेली. धर्मसंघ हेच जमीनदार झाल्यावर धर्मप्रसार आणि सारावसुली यांच्या सीमा कोठे मिळतात, हे सांगणे कठीण होते.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. या न्यायासनाचा मुख्य रोख मुसलमानांवर नव्हता. ज्यांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता, परंतु जुने रीतिरिवाज सोडले नव्हते, अशा ख्रिस्त्यांवरच तो होता. गार्सिया द ओर्ता या थोर वैद्याचे उदाहरण बोलके आहे. वसई प्रांतातील मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यास छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातील होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीस जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. प्रेमाच्या धर्माने हे केले काय? राजाची तिजोरी, व्यापारातील ज्यू स्पर्धकांविषयीचा मत्सर आणि प्रजेच्या मनावर ताबा ठेवण्याची राज्यसंस्थेची भूक यांनी हे केले. धर्मपीठाने त्यास भाषा आणि शिक्का पुरविला.

वसईच्याच आणखी एका पुत्राची कथा येथे जोडली पाहिजे. गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांचा मुलगा. जपानमध्ये त्याने व्यापार केला आणि पुढे तो फ्रान्सिस्कन संघात गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यास क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये चर्चने त्यास संतपद दिले आणि वसईचे महाविद्यालय आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्यास मारणारा हिदेयोशी हा मुसलमान नव्हता. मिशनरी हे स्पेन व पोर्तुगालच्या आरमाराची पुढची फळी आहेत, या संशयाने त्याने हे केले. आणि पोर्तुगीजांचे आशियातील वर्तन पाहता तो संशय सर्वथा निराधार होता, असेही म्हणता येत नाही. एका ठिकाणी धर्म तोफेच्या मागे उभा राहिला, त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्या ठिकाणी निःशस्त्र भिक्षूने भोगले. धर्माने सत्तेशी केलेल्या सोयरिकीचा हा हिशेब आहे.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता गेली. वसईचा ख्रिस्ती शेतकरी मात्र येथेच राहिला, कारण तो येथलाच होता. तोफेची साथ सुटल्यावर त्याच्या धर्माचे काय झाले? तो केळीच्या आणि पानवेलीच्या बागांत, मराठी बोलीत आणि गावकीच्या रिवाजात मिसळून गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन आणि पाणी बिल्डरांच्या घशात जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जो लढा उभारला, त्यात मोर्चे होते, सभा होत्या, दडपशाही सोसण्याची तयारी होती, शस्त्र नव्हते. ज्या चर्चने एकेकाळी गावे खंडाने घेतली, त्याच चर्चचा एक धर्मगुरू जमीन वाचविण्यासाठी धनदांडग्यांसमोर उभा राहिला. ग्रंथ तोच होता. चर्चचे सत्तेशी नाते बदलले होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन्ही धर्मांच्या घडणीत काही फरक नाहीच काय? आहे. ख्रिस्ती धर्माची पहिली तीन शतके राज्यसत्तेबाहेर, बहुतांशी छळ सोसण्यात गेली. ३१३ मध्ये रोमन साम्राज्याने त्यास मान्यता दिल्यानंतर त्याला युद्धाचे समर्थन शोधावे लागले आणि ते काम ऑगस्टीनसारख्या धर्मपंडितांनी केले. इस्लामचे संस्थापक मात्र ६२२ नंतर मदिनेच्या समाजाचे प्रमुखही होते. त्यामुळे युद्ध, तह, कैदी आणि लूट यांविषयीचे नियम इस्लामच्या मूळ परंपरेतच आले. या नियमांनी हिंसेस जसा आधार दिला, तसा तिला आवरही घातला. याउलट, मूळ ग्रंथात राज्यशास्त्र नसल्यामुळे ख्रिस्ती राज्यकर्त्यांना हात मोकळे राहिले, असेही इतिहासात दिसते. स्पेनच्या ख्रिस्ती राजांनी १४९२ मध्ये ज्यूंना हाकलले तेव्हा तुर्कस्तानच्या मुसलमान सुलतानाने त्यांना आसरा दिला. सरहद्दीवरील पठाणांना अहिंसक सत्याग्रही बनविणाऱ्या खान अब्दुल गफारखानांनी आपली प्रेरणा इस्लाममधूनच घेतली. सारांश, आरंभीचा फरक खरा असला तरी त्यावरून पुढील वर्तनाचा अंदाज बांधता येत नाही.

तथापि यावरून धर्म निर्दोष आहे, दोष केवळ अर्थकारणाचा, असा निष्कर्ष काढणे हाही आळसच ठरेल. डाव्या चळवळीने हा आळस पुष्कळदा केला आहे. हितसंबंध माणसाला लोभ देतात. परंतु निरपराध्याला मारणे हे पुण्य आहे, ही खात्री त्याला धर्मसंस्थाच देऊ शकते. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इसिसमध्ये सामील होण्यासाठी इराककडे गेले, ते पगारवाढीसाठी नव्हे. म्हणूनच धर्माची आतून झालेली चिकित्सा मोलाची असते. समाजवादी चळवळीतून आलेल्या हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, ते याच जाणिवेने. रोमन चर्चनेही १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, इतर धर्मांविषयीची आपली भूमिका बदलली आणि मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या पुत्रांकडून घडलेल्या पापांसाठी क्षमा मागितली. परक्याने केलेल्या निर्भर्त्सनेने धर्म सुधारत नाहीत. घरातल्याने घेतलेल्या हिशेबाने ते थोडेफार सुधारतात.

आता न्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्या त्या तिसऱ्याकडे पाहिले पाहिजे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ बळी गेले. यांपैकी एकच आकडा लक्षात ठेवणारा माणूस इतिहास सांगत नसतो. तो पक्ष घेत असतो. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकास ठार मारले. या हत्येचा दोष मुसलमानांवर टाकण्यात आला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. मग बोट ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे वळले. मृतांना न्याय मिळावा यापेक्षा कोणत्या तरी धर्माला दोष लागावा, याचीच घाई अधिक होती.

वसई-विरारच्या प्रवाशाला ११ जुलै २००६ हा दिवस विसरता येणार नाही. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत त्या संध्याकाळी सात स्फोट झाले आणि १८९ प्रवासी ठार झाले. बारा मुसलमान तरुणांना २०१५ मध्ये शिक्षा झाल्या, त्यांतील पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सातही हिंदू आरोपी सुटले. एका निकालावर हळहळणारे दुसऱ्यावर पेढे वाटताना दिसले आणि दुसऱ्यावर हळहळणारे पहिल्यावर. मारेकरी कोण, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी अनुत्तरित राहिला, याचे दुःख फक्त मृतांच्या घरांत उरले.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्याने या तुलनेत उतरून एका धर्माची वकिली करू नये. कोणत्याही हिंसेसमोर त्याने तीन प्रश्न ठेवावेत. त्या वेळी सत्ता कोणाच्या हाती होती? जमीन, बंदर, बाजार वा मते यांपैकी काय पणाला लागले होते? आणि धर्मसंस्थेने मारणाऱ्याचा हात धरला की त्यास आशीर्वाद दिला? हे प्रश्न संजाणच्या अधिकाऱ्यास, ठाण्याच्या मलिकास, गोव्याच्या इन्क्विझिटरास आणि आजच्या दंगलखोर पुढाऱ्यास सारखेच लागू पडतात.

परंतु केवळ विचार स्पष्ट होऊन भागणार नाही. सहकार हे समाजवाद्यांनी वाढविलेले क्षेत्र आहे आणि या वसाहतींतील बहुतेक माणसे सहकारी गृहनिर्माण संस्थांतच राहतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे. पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. २००५ मध्ये गुजरातमधील एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरविला, हे दुर्दैव खरे. तरीही ज्या संस्थेच्या उपविधीत असे बंधन नाही, तेथे केवळ सर्वसाधारण सभेत हात वर करून शेजाऱ्याचा धर्म ठरविता येणार नाही. कार्यकर्त्याने आपल्या संस्थेच्या सभेस जावे, असा ठराव आल्यास विरोध नोंदवून तो इतिवृत्तात लिहून घ्यावा, नाकारलेल्या कुटुंबाबरोबर उपनिबंधकाच्या कचेरीत जावे. घर नाकारले गेल्यानेच माणसे एका धर्माच्या मोहल्ल्यात कोंडली जातात. कोंडलेल्या वस्तीतच अफवा पिकते आणि दंगलीच्या दिवशी तीच वस्ती वेढली जाते. उद्याच्या हिंसेची तयारी आज अशा ठरावांनी होत असते, आणि ती तेथेच रोखली पाहिजे.